कोल्हापूरजवळच्या लहान स्टेशनांवर रात्रीच्या पॅसेंजरच्या वेळेवर किती विसंबावे?

मिरजेहून कोल्हापूरकडे येणारी रात्रीची शेवटची पॅसेंजर रुकडी किंवा हातकणंगल्याला छापील वेळेत येते का, आणि घरच्यांना त्याच वेळेला स्टेशनवर न्यायला बोलवावे का, असे आपण विचारले आहे. मी कोल्हापूरचा असून याच मार्गाने वर्षानुवर्षे जा-ये करतो. छापील वेळेआधी गाडी तेथून सुटणार नाही, एवढीच हमी वेळापत्रकातून घ्यावी. ती त्या वेळेला येईलच, असे मुळीच धरून चालू नये.

वेळापत्रक आखताना निव्वळ धावण्याच्या वेळेत काही मिनिटे राखीव म्हणून मिळवलेली असतात, कारण कुठे रुळांचे काम चालू असते, कुठे वेगमर्यादा असते, तर कुठे दुसऱ्या गाडीला वाट द्यावी लागते. ही मिनिटे सगळ्या स्टेशनांत सारखी वाटली जात नाहीत. त्यांतली बरीचशी टर्मिनसच्या किंवा मोठ्या जंक्शनच्या अलीकडच्या टप्प्यात ठेवलेली असतात. छापील वेळेआधी प्रवासी गाडी सोडता येत नसल्यामुळे ही राखीव मिनिटे मधल्या स्टेशनांवर ठेवली तर वेळेत आलेली गाडीही तेथे नुसती उभी राहील, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. मात्र गाडीचा वक्तशीरपणा प्रामुख्याने शेवटच्या स्टेशनवरच्या आगमनावरून ठरत असल्याने, रुकडीला वीस मिनिटे उशिरा आलेली गाडी कोल्हापुरात जवळजवळ वेळेवर पोहोचू शकते आणि रुकडीला उतरलेल्या माणसाचा उशीर कोणाच्याच हिशेबात येत नाही. आपल्याला हे घरबसल्या पडताळता येईल. कोल्हापूर ते त्याच्या लगतचे गुळ मार्केट स्टेशन हे मोजक्या किलोमीटरांचे अंतर जाताना किती मिनिटांचे दाखवले आहे आणि येताना किती, हे वेळापत्रकात शेजारी शेजारी ठेवून पाहावे; येतानाची जास्तीची मिनिटे ती हीच राखीव मिनिटे.

दुसरे कारण रुळांचे आहे. मिरज–कोल्हापूर हा फाटा १८९१ साली सुरू झाला, त्याची लांबी ५० किलोमीटरही नाही आणि तो अजून एकेरी आहे. विद्युतीकरण झाले असले तरी समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींना ओलांडायचे असेल, तर त्यासाठी स्टेशनच गाठावे लागते, आणि अशा वेळी एक्स्प्रेसला वाट देऊन थांबायचे काम बहुधा पॅसेंजरच्या वाट्याला येते. शिवाय तेच डबे दिवसभर फेऱ्या करत असतील, तर दुपारपासूनचा उशीर साठत साठत शेवटच्या फेरीला येऊन भिडतो. त्यामुळे सकाळच्या गाडीचा अनुभव रात्रीच्या गाडीला लावू नये.

घरच्यांना घड्याळाच्या वेळेवर नव्हे, तर गाडीच्या ठिकाणावर बोलवावे. मिरज सोडल्यावर कृष्णेचा पूल लागतो. बाहेर काळोख असला तरी पुलावर चाकांचा आवाज एकदम पोकळ आणि मोठा होतो, त्यावरून झोपेतल्या माणसालाही कळते. त्यानंतर जयसिंगपूर येते. तेथून गाडी हलली की घरी फोन करावा. हातकणंगल्याला यायचे असेल तर लगेच निघायला सांगावे, रुकडीला असेल तर हातकणंगले सोडल्यावर पुन्हा कळवावे. पंचगंगेचा पूल आला म्हणजे रुकडी मागे पडली, हेही लक्षात असू द्यावे. थांबा मिनिट-दोन मिनिटांचाच असतो, म्हणून सामान आधीच्या स्टेशनलाच दाराशी आणून ठेवावे आणि पायाखाली फलाट आहे ना, हे पाहूनच उतरावे. १३९ वर गाडीची चौकशी करता येते, पण इतक्या जवळच्या स्टेशनांमध्ये आपल्या डोळ्यांनी पाहिलेली स्टेशनची पाटी अधिक भरवशाची ठरते.

वक्तशीरपणाचा हिशेब मधल्या स्टेशनांवरही ठेवला जावा, असे मला मनापासून वाटते. ज्या ठिकाणी उतरल्यावर एसटी नसते, रिक्षा मिळेल याची खात्री नसते आणि कोणाचे तरी वृद्ध वडील मोटारसायकल घेऊन बाहेर ताटकळत असतात, तिथल्या वीस मिनिटांचे मोल टर्मिनसवरच्या वीस मिनिटांहून अधिक आहे. प्रवासी संघटनांनी थांब्यांच्या मागणीबरोबर हीही मागणी लावून धरायला हवी.

त्या रात्री कोल्हापूरहून पुढे बस पकडायची असेल, तर मात्र शेवटच्या पॅसेंजरच्या भरवशावर राहू नये. तिच्या आधीच्या गाडीनेच निघावे.