सात महिने झाले, नडगी सांधेना

प्रश्न : पिंपळगाव बसवंतजवळ मोटारसायकल घसरून वडिलांची (वय ५८) नडगी खालच्या बाजूला मोडली. रॉड बसवला. सात महिने झाले, तरी एक्स-रेत फट दिसते, पाय टेकला की कळ येते. शेजारी म्हणतात, पायासूप कमी पडलं. खरं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सूप खुशाल पाजा, दोष त्याचा नाही. हाड मोडलं की तिथे रक्त साकळतं. दोन-तीन आठवड्यांत त्या जागी कूर्चेसारखा मऊ सांधा धरतो, मग त्यात कॅल्शियम भरून तो टणक होतो. नडगीला यासाठी बहुधा चार-पाच महिने लागतात. पण घोट्याच्या वर बोट फिरवून पाहा, कातडीखाली थेट हाडच लागेल. मांस नाही, म्हणून रक्तही तोकडं.

आता तुम्ही न लिहिलेलं विचारतो. वडील तंबाखू खातात? माझ्याकडे एक द्राक्षबागायतदार काका न सांधलेल्या हाडाचा एक्स-रे दाखवत होते, तेही गालात बार धरून! निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रक्तातली साखरही तपासा. रॉड सैल असेल किंवा आत जंतुसंसर्ग असेल, तरी हाड धरत नाही.

नऊ महिने उलटले आणि शेवटच्या तीन महिन्यांत एक्स-रे जागचा हलला नाही, तर हाड आपणहून सांधेल ही आशा सहसा सोडतात. मग जाड रॉड किंवा कमरेच्या हाडाचा चुरा भरणं आलं. तोवर अस्थिरोगतज्ज्ञांना सगळे जुने एक्स-रे तारखेनुसार लावून दाखवा. घडी घालून नेऊ नका, रेघ उमटते.