मुलगी दिवसभर फळमाशीची जनुकं बघते, यात करिअर होईल?

प्रश्न: मुलगी टी.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय प्राणिशास्त्र. लॅपटॉपवर कीटकांच्या जनुकांचे डेटाबेस उघडून बसते आणि यातच करिअर करायचं म्हणते. हे काम नेमकं काय असतं? पोट भरेल का? – एक आई, सिंहगड रोड, पुणे

उत्तर: ताई, पोटाचं आधी सांगते. नुसता डेटाबेस सांभाळण्याची जागा आपल्याकडे क्वचितच निघते, मिळालं तर प्रकल्पावरचं, कराराचं काम मिळतं. परदेशातही शाश्वती नाही. 2025 मध्ये अमेरिकी सरकारचं अनुदान थांबलं आणि फ्लायबेस या फळमाशीच्या जनुकांच्या डेटाबेसमधल्या काहींच्या नोकऱ्या गेल्या. हे तिला माहीत असू द्या.

पण ती वेळ वाया घालवत नाहीये. फ्लायबेस 1992 पासूनचा आहे. तिला त्यातलं 'व्हाइट' हे जनुक दाखवायला सांगा. नाव व्हाइट, आणि काम मात्र डोळ्यांत लाल रंग पोचवायचं! ते बिघडलं की डोळे पांढरे होतात. अमेरिकी शास्त्रज्ञ मॉर्गन यांना 1910 मध्ये अशी माशी सापडली, त्यावरून हे नाव. तेव्हापासूनचे शोधनिबंध वाचून कुणीतरी डेटाबेसमधल्या या जनुकाच्या पानाला जोडत आलंय. जनुक कुठे सुरू होतं, कुठे संपतं याचा अंदाज संगणक बांधतो, पण कधी शेजारची दोन जनुकं एकच धरतो. ती चूक पकडायला किडा कळणारं माणूस लागतं. तुमच्या मुलीला किडा कळतो. आता लिनक्स (संगणकाची एक प्रणाली), पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) आणि संख्याशास्त्र शिकायला हवं.

माझं मत विचाराल तर डेटाबेस हे हत्यार समजावं आणि विषय कीटकाचा धरावा. 2018 मध्ये भारतात आलेली मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी घ्या, किंवा डेंग्यूचा डास. औषध त्यांच्यावर का चालेनासं होतं, हे शोधताना जनुकांची तुलना अशाच डेटाबेसमध्ये करतात. असं काम येणाऱ्याला शेती, आरोग्य, बियाणं कंपन्या, पीएच.डी., सगळीकडे वाव आहे.

पुण्यात असणं हा तिचा फायदा. विद्यापीठात बायोइन्फर्मेटिक्सची, म्हणजे जीवशास्त्रातला डेटा संगणकावर तपासण्याच्या विषयाची एम.एस्सी. आहे, पाषाणला आयसर या विज्ञान संस्थेत फळमाशीवर संशोधन चालतं, एनआयव्ही या राष्ट्रीय विषाणू संस्थेत डासांवर. उन्हाळी प्रोजेक्टसाठी आतापासूनच मेल करायला लावा. मात्र 'मला आवड आहे' एवढंच लिहू नये. फळमाशीतलं एक जनुक घेऊन ते हरभऱ्यावरच्या घाटे अळीत कसं दिसतं, हे एका पानात मांडावं आणि सोबत जोडावं. डेटा फुकट आहे, दोन रविवार पुरतील. ते पान आधी मला पाठवलं तर वाचून कळवीन.