तीन वॉफल मेकर आणि एक शेजारीण

प्रश्न : आम्ही घरात चौघं. मुलांसाठी वॉफल मेकर घ्यायचाय. तीन बघून ठेवलेत : एक साधा, एक साचे सुटे होणारा, एक हँडल धरून उलटा फिरवता येणारा. तिघांचे वॅट वेगळे. शेजारणीच्या मशीनमध्ये वॉफल हमखास मधोमध फाटतो, त्याचीही धास्ती आहे. काय बघून घ्यावा?

उत्तर : ताई, सुटे साचेवाला घ्या. कारण सांगते.

माझा पहिला वॉफल मेकर मी रूपावर भाळून घेतला होता. पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराच्या पाच तुकड्यांचा गोल वॉफल, वर चकचकीत झाकण. साचे मात्र पक्के बसवलेले. दुसऱ्याच रविवारी पीठ जास्त झालं, कडेनं ओघळलं आणि बिजागरीत जाऊन वाळलं. विजेचं यंत्र, नळाखाली धरता येत नाही. जुना टूथब्रश आणि ओलं फडकं घेऊन अर्धा तास खरवडत बसले. तसं तीनदा झालं, मग ते वरच्या फळीवर गेलं ते गेलंच. तेव्हा कडेला ओघळ धरणारी पन्हळ आहे का, तेही बघा.

सुट्या साच्यांची एक खोड आहे. साचा बसवून बोटानं हलवून बघा. खडखडला तर नको, कारण कॉइलची उष्णता त्याच्यापर्यंत धड पोचत नाही. साचा हाताला जड लागला तर उत्तम. गार पीठ पडलं की साचा थंडावतो. पातळ साच्यात पहिला घाणा सोनेरी, तिसरा फिकट आणि लिबलिबीत. चौघांच्या घरात तिसऱ्या घाण्याला महत्त्व आहे! वॅटही तसेच वाचा. एकावेळी चार वॉफल करणारं १००० वॅटचं मशीन एकच करणाऱ्या ७०० वॅटच्या मशीनपेक्षा जोरदार असेल असं नाही, उष्णता वाटली जाते.

फिरवायच्या मशीनचा मोह मलाही झाला होता. १८६९ साली अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या कॉर्नेलियस स्वार्टवॉट यांनी वॉफलच्या साच्याचं पेटंट घेतलं, तो साचा चुलीवर ठेवायचा. आच फक्त खालून, म्हणून उलटणं भागच होतं. विजेच्या मशीनमध्ये वरचा साचाही तापतो. आता फिरवण्याचा उपयोग एवढाच, की पीठ वरच्या खळग्यांतही भरतं. जाड, खोल चौकोनांचे बेल्जियन वॉफल करणार असाल तर घ्या, पातळ वॉफलसाठी जागा अडवू नका.

आता शेजारीण. त्यांचं मशीन बहुधा निर्दोष आहे, घाई त्यांची. दिवा हिरवा झाला म्हणजे साचा तापला, वॉफल झाला असं नव्हे. कडेनं निघणारी वाफ बघा. ती जवळपास थांबली की झाकण हलकेच उचला, अडलं तर आणखी मिनिटभर थांबा. अर्धा कच्चा असताना उघडलं की वरचा भाग वर, खालचा खाली. पिठात लोणी-तेल कमी पडलं किंवा साखर जास्त झाली तरी चिकटतो. आणि डब्यातून फवारायचं तेल वापरू नका. त्यातलं लेसिथिन, म्हणजे तेलात मिसळलेला एक स्निग्ध घटक, साच्यावर भाजून तपकिरी, चिकट थर बसतो. माझ्या त्या बदामांची नॉनस्टिक तशीच गेली. ब्रशनं साधं तेल पुरतं. वॉफल काढायला लाकडी किंवा सिलिकॉनचं उलथणं, काटा-चमचा नको.

झालेला वॉफल ताटलीत ठेवू नका, जाळीवर ठेवा. खालची वाफ कोंडली की कुरकुरीतपणा गेला.

खरेदीआधी शेजारणीचं मशीन एका सकाळपुरतं मागून आणा. चौघांचे वॉफल करा, आणि परत द्यायच्या आधी ते तुम्हीच स्वच्छ करा.