कानात आवाज येतो: सुरुवात कुठून करावी?

आधी नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात श्रवणचाचणी करून घ्यावी. ऐकू येणे अचानक कमी झाले असेल, तर त्याच दिवशी जावे.

त्यानंतर बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजेच सीबीटी: विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा मानसोपचार. या उपचाराने आवाजाची पातळी घटत नाही, त्याचा जाच घटतो. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्याचा निष्कर्षही त्याच दिशेचा आहे. त्यामुळे ‘आवाज बंद झाला का’ या मापाने उपचार जोखू नये. नवखे इथेच निराश होऊन उपचार सोडू शकतात.

आणखी दोन चुका टाळाव्यात:
- आवाज वाढला का, हे सतत तपासणे. अशा पहाऱ्यामुळे मेंदू त्याला धोक्याची सूचना समजत राहू शकतो.
- पूर्ण शांततेत झोपणे. आपल्याकडे कूलर बंद झाला की कानातला आवाज मोठा वाटू शकतो. तेव्हा पंखा मंद चालू ठेवावा.

स्वीकाराधारित उपचार (त्रासाशी झगडण्याऐवजी तो स्वीकारायला शिकवणारा मानसोपचार), ध्यान वगैरेंचा विचार तूर्त नको.