आमदार-खासदार समितीवर असतात म्हणजे नेमकं काय करतात? आपल्याला त्याचा काय उपयोग?

तुम्ही लिहिलंय, आमचा आमदार अधिवेशनात बोलताना दिसत नाही, आणि विचारलं की कार्यकर्ते सांगतात, ‘साहेब समितीवर आहेत’. ही पळवाट असू शकते. पण ‘समिती म्हणजे नुसता सरकारी खर्चाने दौरा’ हे तुमचं शेवटचं वाक्य मला झोंबलं, म्हणून लिहायला बसलो.

माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या लेखा शाखेत गेली. जिल्हा कुठला ते सांगत नाही, बरोबरचे काहीजण अजून नोकरीत आहेत. घर मात्र पहिल्यापासून कोल्हापुरात, उत्तरेश्वर पेठेत.

जिल्हा परिषदांचा कारभार तपासणारी विधिमंडळाची पंचायत राज समिती, आमच्या भाषेत पीआरसी, येणार असं पत्र आलं की कार्यालयाची झोप उडायची. आधी प्रश्नावली यायची. लेखापरीक्षणातला एकेक परिच्छेद, म्हणजे आक्षेप, त्याचं अनुपालन, म्हणजे पूर्तता काय, वसुली किती, बाकी किती. तीन-तीन आठवडे आम्ही रात्री अकरापर्यंत बसलोय. भिंतींना रंग, दारात रांगोळी, हेही व्हायचं, नाकारत नाही.

त्या वर्षी एका नळपाणी योजनेचा परिच्छेद होता. मार्चअखेरीला निधी परत जाऊ नये म्हणून पाइप खरेदी करून टाकले होते. विहिरीची जागाच ताब्यात नव्हती. देयक, म्हणजे बिल, माझ्या टेबलावर आलं तेव्हा मी टिपणी लिहिली होती की उद्भवाची (म्हणजे विहिरीची) जागा ताब्यात आल्याशिवाय हे देयक पारित करणे उचित होणार नाही. वरून शेरा आला, ‘चर्चा केली. देयक पारित करावे.’ चर्चा माझ्याशी कुणी केली नव्हती. साहेब एवढंच म्हणाले, ‘तुम्ही आकडे बघा, पाण्याचं आम्ही बघतो.’ त्यानंतर दोन वर्षं मला त्या टेबलावरून हलवलं होतं. घरी कुणाला बोललो नाही.

चार वर्षांनी समिती आली. सदस्यांत लांबच्या जिल्ह्यातले एक आमदार होते, विरोधी पक्षाचे, पहिल्यांदाच निवडून आलेले. त्यांच्या प्रतीत पानोपानी कागदाचे कपटे घातलेले दिसत होते. आमच्या परिच्छेदावर ते म्हणाले, ‘जागा जूनमध्ये ताब्यात आली. मग मार्चमध्ये आलेले पाइप तीन महिने होते कुठे?’ साठा नोंदवहीत आवक होती, ठेवल्याची जागा नव्हती. अधिकारी एकमेकांकडे बघायला लागले. त्या आमदारांनी मूळ नस्ती, म्हणजे फाइल, मागवली आणि पानं उलटत माझ्या टिपणीशी थांबले. ती मोठ्याने वाचली. ‘हे कुणी लिहिलंय?’

मी मागच्या रांगेत नस्त्यांचा गठ्ठा धरून उभा होतो. हात वर केला. त्यांनी मला पुढे बोलावून खुर्ची दिली आणि तारखांबद्दल दोन प्रश्न विचारले. शाबासकी दिली नाही, त्याची गरजही नव्हती. माझं अक्षर, माझी सही, आणि सगळं सभागृह ऐकत होतं. सत्ताधारी पक्षाच्या सदस्यानेही त्यांचाच प्रश्न पुढे रेटला. पक्षाचा व्हिप, म्हणजे मतदानाचा आदेश, समितीत चालत नाही, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. पुढे मुंबईत सचिवांची साक्ष झाली, जबाबदारी निश्चित झाली, वेतनवाढी थांबल्या.

आता तुमचा प्रश्न. लोकलेखा समिती सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या अहवालावर काम करते, म्हणजे पैसा खर्च झाल्यानंतर. लोकसभेत १९६७ पासून तिचा अध्यक्ष विरोधी पक्षातला असण्याचा प्रघात आहे. संसदेत विभागवार स्थायी समित्या १९९३ पासून आहेत. आज त्या २४ आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य, मंत्री सदस्य होऊ शकत नाही. अर्थसंकल्पातल्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे खात्यांनी मागितलेला पैसा, आणि विधेयकं तिथे बारकाईने वाचली जातात. जायला हवीत, असं म्हणतो. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली, सतराव्या लोकसभेत सुमारे १६ टक्के. २०२० चे तीन कृषी कायदे समितीकडे न पाठवताच मंजूर केले आणि पुढच्याच वर्षी मागे घेतले. ही घाई मला गुन्ह्यासारखी वाटते.

आमचे दाजी हे मानत नाहीत. सर्किट हाऊससमोर गाड्यांची रांग दिसली की त्यांचं ठरलेलं, ‘समिती येती, मटण खाती, अंबाबाईचं दर्शन घेती आन् जाती.’ आमदार म्हणजे तालमीला मदत, लग्नाला हजेरी, गल्लीत काँक्रीट. वीस वर्षं आमचा हा वाद चाललाय. दाजी, गल्लीतलं काँक्रीट नगरसेवकाचं काम आहे. आमदाराने त्या काँक्रीटचा लेखा आक्षेप वाचावा. एन. डी. पाटील सर याच कोल्हापूरचे आमदार होते, कागद वाचून बोलायचे, आणि टोलच्या आंदोलनात लोक त्यांच्यामागे गेले ते त्यांच्या अभ्यासावर विश्वास होता म्हणून. एवढं तरी दाजी मान्य करतात.

दाजींचं सगळंच खोटं नाही, हेही लिहितो. प्रश्नावली न उघडता आलेले सदस्य मी पाहिलेत. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. परिच्छेद चर्चेला येईपर्यंत वर्षं जातात, तोवर संबंधित माणूस निवृत्त झालेला असतो.

खासदाराचं काम बघायचं तर संसदीय समितीचा अहवाल उघडा. शेवटी बैठकांचं कार्यवृत्त जोडलेलं असतं, त्यात हजर सदस्यांची नावं असतात. आमदाराला समोरासमोर विचारा: कुठल्या समितीवर आहात, शेवटचा अहवाल कशावर होता, त्यातला कुठला प्रश्न तुमचा? अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत समितीतलं बोलणं बाहेर सांगता येत नाही, तेव्हा मांडलेल्या अहवालाबद्दलच विचारा.

दाजींनाही हे तीन प्रश्न कागदावर लिहून दिलेत. त्यांचे साहेब गणपतीत तालमीत येणार आहेत.