मेळावा राहू दे, काम शोध

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. एकमेकांशी तेढ असलेल्या दोन्ही वस्त्यांतल्या तरुणांना एका मंडपाखाली आणायचं, चार भाषणं, मग सहभोजन, असा बेत दिसतोय. जरा थांब. तुझ्या वयात मीही असा मेळावा घेतला होता. मधल्या वाटेच्या अलीकडे एक गट बसला, पलीकडे दुसरा. फोटो मात्र झकास आले. पुढं महिनाभरात एक अफवा उठली आणि त्या फोटोतलीच पोरं एकमेकांवर धावून गेली.

नुसतं शेजारी बसवून तेढ जात नाही. १९५४ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमात मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञानं ११-१२ वर्षांच्या २२ मुलांचं शिबिर भरवलं. दोन गट पाडले, चुरशीचे सामने लावले. थोड्याच दिवसांत झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर धाड घालणं सुरू झालं. मग एकत्र जेवायला बसवलं, तर पोरांनी अन्नच फेकून मारलं. पुढं शिबिराचं पाणी बंद पडलं (पाडलं होतं शेरीफच्याच माणसांनी!) आणि बिघाड शोधायला सगळे लागले. ट्रक अडला, दोर ओढायला सगळ्यांचे हात लागले. अशी काही कामं झाल्यावर कुठं वैर ओसरलं.

म्हणून आधी काम शोध. दोघांनाही नडलेलं, एकट्याच्यानं न उरकणारं. आणि त्यात बरोबरी राख. गटांनी एकत्र येऊन तेढ कमी व्हायची तर दोघांचा दर्जा समान हवा, ही अट गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं १९५४ सालीच मांडली होती. कार्यकर्ते नेमकी तीच विसरतात. किल्ली कुणाकडे, हिशेब कुणाकडे, बैठक कुणाच्या दारात, इतकं बारीक बघ. एकानं ठरवायचं आणि दुसऱ्यानं सतरंज्या उचलायच्या, असं चालू राहिलं तर काम होईल, राग तसाच राहील.

पण फार मोठी आशाही धरू नकोस. उत्तर इराकमध्ये आयसिसमुळे विस्थापित झालेल्या ख्रिश्चन फुटबॉलपटूंच्या काही संघांत मुस्लिम खेळाडू घेतले गेले. संशोधक सलमा मूसा यांचा हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अशा मिश्र संघांतले ख्रिश्चन खेळाडू सहा महिन्यांनंतरही मुस्लिमांबरोबर सराव करायला जास्त राजी होते. मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांशी त्यांचं वागणं मात्र फारसं बदललं नाही. तेव्हा एका उपक्रमावर विसंबू नकोस.

दोन्हीकडे अपरात्री फोन उचलतील अशी दोन-दोन माणसं आत्ताच हेरून ठेव. एरवी ओळखच नसेल तर अफवेच्या रात्री कोण कुणाचं ऐकणार?

आणि ज्यांचं माणूस गेलंय, घर जळलंय, त्यांच्या दारात ‘झालं गेलं विसरा’ म्हणत जाऊ नकोस. सलोखा म्हणजे मार खाल्लेल्यानं गप्प बसावं, एवढाच अर्थ पुष्कळदा निघतो. मला त्या शब्दाची थोडी धास्तीच वाटते. त्यांच्याबरोबर भरपाईच्या अर्जासाठी कचेरीत ताटकळत बस. पलीकडचं कुणी आपणहून सोबत आलं तर उत्तम, ओढून नेऊ नकोस.

मंडपाची आगाऊ रक्कम दिली नसशील तर देऊ नकोस. दोन्ही वस्त्यांना सध्या कशाचा जाच होतोय, ते विचारून मला कळव.

तुझा,
एक जुना कार्यकर्ता