ओकावांगो नदी बोत्सवानात शिरते, मग बाहेर का पडत नाही? या देशाचं पाणी नेमकं जातं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नकाशात ओकावांगो नदी बोत्सवानात आत येताना दिसते, पण पुढे कुठेच जाताना दिसत नाही. मग तिच्या पाण्याचं काय होतं? आणि समुद्रकिनारा नसलेल्या या देशात बाकी कुठली नदीखोरी आहेत?

नोकरीच्या निमित्ताने काही वर्षं राजधानी गाबोरोनेत राहिलो आहे, त्यामुळे पाहिलेलं आणि वाचलेलं दोन्ही मिसळून सांगतो.

पहिल्या भागाचं उत्तर एका ओळीत: ते पाणी समुद्राला मिळतच नाही, जमिनीवर पसरतं आणि उडून जातं. दुसऱ्या भागाचं उत्तर: खोरी चार. ओकावांगो-मखाडिखाडीचं बंदिस्त खोरं, उत्तरेच्या टोकाला झांबेझीचं, पूर्वेला लिंपोपोचं आणि नैर्ऋत्येला ऑरेंजचं. पण ही यादी पाठ करून बोत्सवाना कळत नाही. खरी गोम अशी की पाणी आहे वायव्येला आणि माणसं आहेत आग्नेयेला. मधे कालाहारीचं वाळवंट. तिथे पडलेला पाऊस वाळूत मुरतो आणि नदी म्हणावी असं काही तयारच होत नाही. ओक्वासारख्या जुन्या नद्यांच्या कोरड्या दऱ्या तेवढ्या उरल्या आहेत.

ओकावांगोचा उगम बोत्सवानात नाही. पाऊस पडतो अंगोलाच्या डोंगराळ भागात. तिथून कुबांगो आणि कुइटो अशा दोन नद्या निघतात, एकत्र येतात, नामिबियाची एक चिंचोळी पट्टी ओलांडतात आणि मोहेम्बो गावापाशी बोत्सवानात शिरतात. वर्षाला साधारण 10 अब्ज घनमीटर पाणी येतं. आपल्या भाषेत सांगायचं तर सुमारे 350 टीएमसी, म्हणजे तीन कोयना धरणं भरून वर थोडं उरेल इतकं.

मग हे अडतं कुठे? जमिनीतल्या भेगांपाशी. पूर्व आफ्रिकेतल्या मोठ्या खचदरीची एक शाखा इथपर्यंत पोचलेली आहे असं भूशास्त्रज्ञ मानतात. नदी आधी दोन समांतर भ्रंशांच्या, म्हणजे अशाच लांब भेगांच्या, मधल्या अरुंद पट्टीतून वाहते, मग गुमारे भ्रंश ओलांडला की मोकळी सुटते आणि पंख्यासारखी पसरते. हाच ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश. पुढे माऊन शहराजवळ कुन्येरे आणि थामालाकाने हे भ्रंश वाटेत आडवे येतात आणि बांधासारखं काम करतात. सुमारे 250 किलोमीटरच्या या पंख्यात उतार साधारण 60 मीटरचा. एवढ्या सपाटीवर पाणी वाहतं म्हणण्यापेक्षा सरकतं. वरून ऊन असं की उघड्या पाण्यातून वर्षाला दोन मीटरच्या आसपास बाष्पीभवन होतं आणि पाऊस मात्र अर्धा मीटरसुद्धा धड नाही. लव्हाळी, पपायरस आणि झाडंही पाणी ओढत असतात. थोडं जमिनीत मुरतं. शेवटी पंख्याच्या दुसऱ्या टोकाने बाहेर पडतं ते जेमतेम दोन टक्के.

यातली वेळेची गंमत नव्या माणसाला पटत नाही. अंगोलातला पाऊस मार्च-एप्रिलपर्यंत संपतो. मोहेम्बोला पूर एप्रिलच्या सुमारास चढतो. माऊनपर्यंत यायला जून-जुलै उजाडतो. आणि जून-जुलै म्हणजे तिथला हिवाळा, आकाशात ढगाचा ठिपका नसतो. सगळा मुलूख करपलेला असताना त्रिभुज प्रदेश सर्वांत मोठा झालेला असतो. हत्ती, म्हशी, लेचवे हरणं सगळी तिथे का गोळा होतात याचं उत्तर यातच आहे. कोरड्या पात्रात पुराचं पहिलं पाणी येतं ते बघण्यासारखं असतं. लोंढा वगैरे काही नाही. फेस, काड्या, शेणाचे गोळे ढकलत एक पातळ जीभ माणसाच्या चालीपेक्षा हळू पुढे येते, वाळूत मुरते, मागचं पाणी येतं, परत थोडी सरकते. पुढे किडे जीव घेऊन पळत असतात आणि पक्षी त्यांना टिपत असतात. माऊनची माणसंही कामधंदा सोडून बघायला येतात.

आता एक शंका तुम्हाला यायला हवी. एवढं पाणी दरवर्षी उडून जातं, तर मागे राहिलेल्या क्षारांनी हा सगळा प्रदेश खारट का झाला नाही? मला या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. त्रिभुज प्रदेशात अक्षरशः हजारो बेटं आहेत. त्यांतल्या कित्येकांची सुरुवात वाळवीच्या वारुळापासून झाली. वारूळ पुराच्या पातळीच्या वर राहतं, त्यावर झाड उगवतं, झाड आजूबाजूचं पाणी ओढून घेतं आणि क्षार मुळांपाशीच सोडतं. बेट वाढत जातं तसे क्षार मध्यभागी साचतात, मधली झाडं मरतात. म्हणून विमानातून बघितलं तर बेटाच्या कडेला हिरवीगार झाडी आणि मधे पांढरं टक्कल दिसतं. जवळ जाऊन पाहिलं तर त्या टकलावर कुरकुरीत पापुद्रा असतो, बुटाखाली मोडतो. आणि तिथून थोड्याच अंतरावरचं वाहतं पाणी मोकोरो चालवणारा माणूस, म्हणजे लांब काठीने होडी ढकलणारा, ओंजळीने पितो. विषारी माल कोठारात बंद करून बाकीचं घर स्वच्छ ठेवावं तसा हा प्रकार आहे. हे ठिकाण 2014 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं, त्या यादीतलं हजारावं स्थळ म्हणून.

जे दोन टक्के उरतात ते थामालाकाने नदीतून भ्रंशाच्या कडेकडेने जातात. काही पाणी न्गामी तलावाकडे वळतं. शोधप्रवासी लिव्हिंग्स्टन 1849 साली तिथे पोचला तेव्हा त्याला भलामोठा जलाशय दिसला होता. नंतर तो कित्येकदा आटला आणि कित्येकदा भरला. उरलेलं पाणी बोटेटी नदीतून मखाडिखाडीकडे जातं. बोटेटी तर सलग कित्येक वर्षं कोरडी राहिली आणि 2009 च्या सुमारास पुन्हा वाहू लागली. मखाडिखाडी म्हणजे एका प्रचंड प्राचीन सरोवराचा तळ, आता मिठाचं सपाट मैदान. त्याच्या पूर्वेकडच्या सुआ भागात झिंबाब्वेतून येणारी नाटा नदी पावसाळ्यात पाणी आणते आणि चांगला पाऊस झाला की रोहित पक्षी हजारोंनी उतरतात. सुआखालचं खारं पाणी उपसून सोडा अ‍ॅश आणि मीठ काढणारा कारखाना 1990च्या दशकापासून चालू आहे.

बंदिस्त खोरं म्हणालो खरं, पण ते पुरतं बंदिस्त नाही. मोठ्या पुराच्या वर्षी ओकावांगोचं थोडं पाणी सेलिंडा नावाच्या वाटेने ईशान्येला लिन्यांटीकडे निसटतं, आणि लिन्यांटी पुढे झांबेझीला मिळते. म्हणजे क्वचित कधी ओकावांगोचे दोन थेंब हिंदी महासागराच्या वाटेला लागतात म्हणायला हरकत नाही. परीक्षेत मात्र लिहू नका.

झांबेझी खोऱ्याचा बोत्सवानातला वाटा अगदी कोपऱ्यातला. क्वांडो अंगोलातून येते, वाटेत नाव बदलून लिन्यांटी होते, पुढे चोबे होते आणि कझुंगुलाला झांबेझीला मिळते. झांबेझीला पूर आला की चोबे उलटी वाहते. या चोबेतल्या सेदुदू नावाच्या छोट्या, पुरात बुडणाऱ्या बेटावरून बोत्सवाना आणि नामिबिया थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. 1890 च्या इंग्लंड-जर्मनी करारात सरहद्द ‘मुख्य प्रवाहा’तून जाते असं लिहिलं होतं, आणि बेटाच्या दोन बाजूंपैकी मुख्य प्रवाह कुठला हाच वाद होता. 1999 साली न्यायालयाने उत्तरेकडचा प्रवाह मुख्य ठरवला आणि बेट बोत्सवानाला मिळालं. युद्ध न करता कागद काढून भांडले, याचं मला कौतुक आहे.

ऑरेंजच्या खोऱ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मोलोपो आणि नोसॉब या नद्या नकाशावर सरहद्द दाखवण्यापुरत्या. पात्रात बहुतेक वर्षं वाळू आणि बाभळीसारखी काटेरी झाडं, आणि ऑरेंजपर्यंत पोचायच्या आधीच वाळूच्या टेकड्यांनी वाट अडवलेली.

उरली लिंपोपो, आणि देश जगतो तो या बाजूला. लोकसंख्या 23-24 लाख, त्यातले बहुतेक पूर्वेच्या पट्ट्यात, रेल्वेमार्गाच्या आजूबाजूला. नद्यांची नावं भरपूर: नोटवाने, लोत्साने, मोत्लौत्से, शाशे. पण वर्षातले बरेच महिने तुम्ही पुलावरून गाडी नेलीत तर खाली दिसते रुंदच्या रुंद वाळू. पाऊस पडला की काही तास, काही दिवस गढूळ पाणी धावतं, की परत वाळू. पाणी नसतं असं नाही, वाळूखाली असतं. गुराखी पात्रात झिरे खणतात, हात-दोन हात खाली गेलं की कडेने पाणी पाझरायला लागतं, डब्याने काढून गुरांच्या डोणीत ओततात. झिऱ्याभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, नाहीतर गुरं तुडवून बुजवतात. दुष्काळी भागात वाढलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. हत्तीही सोंड आणि पायांनी असेच झिरे करतात.

राजधानीसुद्धा पाणी बघून ठरली. ब्रिटिश काळात या प्रदेशाचा कारभार चालायचा माफेकिंगहून, जे देशाच्या हद्दीबाहेर दक्षिण आफ्रिकेत आहे. 1966 च्या स्वातंत्र्याच्या तोंडावर नवी राजधानी हवी होती. गाबोरोनेला रेल्वे जवळ होती आणि नोटवानेवर धरण बांधता येत होतं. धरण आताच्या हिशेबाने 5 टीएमसीचं. शहर वाढलं, धरण पुरेना. 2015 मध्ये ते जवळजवळ कोरडं पडलं होतं. नळाला पाणी येण्याचे वार ठरलेले, घरोघर हिरव्या टाक्या, आणि लग्नाची तारीख ठरवतानासुद्धा पाण्याचा वार बघायचा. 2017 मध्ये एका चक्रीवादळाच्या पावसाने तेच धरण भरून सांडव्यावरून वाहिलं, तेव्हा लोक सहकुटुंब फोटो काढायला गेले.

आज गाबोरोनेची तहान भागते ती बरीचशी उत्तरेकडून. मोत्लौत्सेवरच्या लेत्सिबोहो धरणातून सुमारे 360 किलोमीटरची जलवाहिनी राजधानीपर्यंत आली आहे. नंतर शाशेवर डिखाथ्लोंग हे 14 टीएमसीचं, देशातलं सर्वांत मोठं धरण झालं आणि तेही याच वाहिनीला जोडलं. शिवाय दक्षिण आफ्रिकेतल्या मोलाटेडी धरणातून करारानुसार थोडं पाणी मिळतं. खेड्यापाड्यांत बोअरशिवाय गत्यंतर नाही.

मग 350 टीएमसी वाया जाऊ देण्यापेक्षा ओकावांगोचं पाणी का वळवत नाहीत, असं प्रत्येक भारतीय पाहुणा विचारतो. प्रयत्न झाला होता. बोरो ही त्रिभुज प्रदेशातली एक वाट खोल करून पाणी माऊनला, शेतीला आणि ओरापाच्या हिऱ्याच्या खाणीला न्यायची सरकारी योजना होती. 1991 च्या जानेवारीत माऊनच्या खोट्लात, म्हणजे गावसभेत, लोकांनी मंत्र्यांच्या तोंडावर विरोध केला. काम थांबलं आणि पुढच्या वर्षी योजना गुंडाळली गेली. ‘वाया’ हा आपला धरणवाल्यांचा शब्द झाला. माऊनच्या माणसाची मासेमारी, ओलीवरची शेती आणि पर्यटनातला पगार त्याच पाण्यावर चालतो. शिवाय पाणी बोत्सवानाच्या मालकीचं कुठे आहे? अंगोला आणि नामिबिया वर बसले आहेत. त्यांनी उपसा वाढवला तर खाली बोंब, म्हणून 1994 पासून तिन्ही देशांचा एक कायमस्वरूपी आयोग आहे. वरच्या खोऱ्यात आजही मोठी धरणं जवळपास नाहीत. त्याला अंगोलातलं दीर्घ यादवी युद्धही कारण आहे, हे कटू वाटलं तरी खरं आहे.

जाऊन बघायचं असेल तर त्रिभुज प्रदेशासाठी जुलै-ऑगस्ट धरा आणि लिंपोपोकडच्या नद्या वाहताना बघायच्या असतील तर जानेवारी-फेब्रुवारी. एवढ्यात जाणं नसेल तर उपग्रहचित्रात माऊन शोधा. शहराच्या उत्तरेचा हिरवा पंखा पट्टीने कापल्यासारखा एका तिरक्या रेषेवर संपतो, तो थामालाकाने भ्रंश.